डि'सोझांची पेटी का अडली? : वाचकांचे प्रश्न

हापूसचा हंगाम आणि मे महिन्याची सुट्टी एकत्र आली की किनाऱ्यावरच्या छोट्या वेबसाइटींची परीक्षा होते. या अंकासाठी आलेल्या पत्रांतले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गाठीशी येऊन थांबत होते: फॉर्ममध्ये आलेली माहिती डेटाबेसपर्यंत कशी पोचवायची. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत. कोड छापताना कीवर्डही देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते नेहमीच्या रोमन लिपीत घ्यायचे. चिन्हं मात्र जशीच्या तशी ठेवा, सगळा घोळ चिन्हांतच आहे.

प्रश्न : आमची आंबा विक्रीची साइट पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते. काही गिऱ्हाइकांनी ऑर्डर दिली की पान पांढरं होतं. शोध घेतला तर सगळी आडनावं डि'सोझा, डि'मेलो अशी निघाली. साइट करून देणारा म्हणतो, नावातलं अवतरण चिन्ह उडवणारी एक ओळ टाकू. टाकावी का?
— बागायतदार, देवगड

टाकू नका. गिऱ्हाइकाचं आडनाव बरोबर आहे, चुकतोय तो तुमचा कोड. तो बहुधा असा असेल:

$वाक्य = "इन्सर्ट इंटू मागणी (आडनाव, गाव, पेट्या) व्हॅल्यूज ('$आडनाव', '$गाव', $पेट्या)";

सावंतवाडीच्या डि'सोझांनी तीन पेट्या मागितल्या की सर्व्हरच्या हातात हे पडतं:

इन्सर्ट इंटू मागणी (आडनाव, गाव, पेट्या) व्हॅल्यूज ('डि'सोझा', 'सावंतवाडी', ३)

आता सर्व्हरच्या नजरेने वाचा. पहिल्या अवतरणाने मजकूर सुरू झाला, 'डि' नंतरच्या अवतरणाने तो संपला. पुढे आलेला 'सोझा' हा शब्द त्याला माहीत नाही, म्हणून तो १०६४ क्रमांकाची वाक्यरचनेची चूक देऊन थांबतो. पान पांढरं दिसतं, कारण सर्व्हरवर चुका दाखवणं बंद आहे. ते बंदच असावं. चूक नेमकी काय ते एरर लॉगमध्ये वाचा.

पेटी अडली हे नुकसान तसं लहान. ज्या फटीतून डि'सोझांचं आडनाव वाक्याबाहेर सांडलं, त्याच फटीतून कोणी मुद्दाम वाक्याच्या आत शिरू शकतो. 'माझी ऑर्डर कुठे आहे' या पानावर आडनावाच्या जागी एखाद्याने क' ऑर '१'='१ असं लिहिलं, तर अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि मोबाइल नंबर त्याच्यासमोर येतात. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. हा प्रकार १९९८ पासून छापील माहितीत आहे, आणि आजही फॉर्म तोडायला बसलेला माणूस आधी हेच करून बघतो.

अवतरण उडवून हे थांबत नाही. वरच्या वाक्यात पेट्यांच्या आकड्याभोवती अवतरणच नाही, त्यामुळे तिथे काही घुसवायला अवतरण लागतही नाही. पानाच्या वेब-पत्त्यात 'आयडी=१२' असेल, तर '१२ ऑर १=१' एवढं पुरतं. शिवाय नाव उडवून साठवलंत की पार्सलवर चुकीचं नाव छापलं जाणार.

उपाय आहे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. तहसील कचेरीतला छापील अर्ज आठवा. वाक्यं आधीच छापलेली असतात, तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरता. 'अर्जदाराचे नाव' या रेघेवर तुम्ही 'वरील जमीन माझ्या नावे करावी' असं लिहिलंत, तरी ते अर्जदाराचं नावच राहतं, हुकूम होत नाही. इथेही सर्व्हर आधी प्रश्नचिन्हांसकट वाक्य घेतो, त्याची रचना ठरवतो, आणि मगच किमती (म्हणजे रिकाम्या जागांत भरायची माहिती) वेगळ्या येतात:

$तयार = $जोड->प्रिपेअर("इन्सर्ट इंटू मागणी (आडनाव, गाव, पेट्या) व्हॅल्यूज (?, ?, ?)");
$तयार->एक्झिक्यूट([$आडनाव, $गाव, $पेट्या]);

प्रश्नचिन्हाभोवती अवतरण घालायचं नाही. घातलंत तर ते रिकामी जागा न राहता नुसतं 'प्रश्नचिन्ह' हे अक्षर होतं, आणि पीडीओ (पीएचपीचं डेटाबेसशी बोलायचं साधन) 'पॅरामीटरची संख्या चुकली' म्हणून तक्रार करतो.

हे पीडीओने लिहिलं आहे. कनेक्शन उघडताना तीन गोष्टी ठरवून टाका. कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा, आणि तो कनेक्शनच्या ओळीतच लिहा. चूक झाली की एक्सेप्शन टाकायला सांगा, पीएचपी ८.० पासून ते आपोआप असतं, जुन्यात नसतं. आणि एम्युलेशन बंद करा, त्याचा अर्थ आणि कारण मालवणच्या प्रश्नात येईल. कॅरॅक्टर सेटबद्दल एक बारीक गोष्ट: मायएसक्यूएलचा नुसता 'यूटीएफ८' एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षर ३ बाइटांत बसतं, म्हणून मराठी व्यवस्थित दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग एखादं गिऱ्हाईक शेऱ्यात आंब्याचं इमोजी टाकतं, त्याला ४ बाइट लागतात, आणि ऑर्डर पुन्हा अडते.

प्रश्न : एका जुन्या साइटची जवळजवळ १४० पानं सांभाळतो. होस्टिंगवर पीएचपी ८ आलं आणि सगळी मायएसक्यूएल_ फंक्शनं एकदम मेली. ती जशीच्या तशी परत आणून देणारी एक फाइल मिळाली आहे. ती जोडून वेळ मारून न्यावी का?
— वेब डिझायनर, चिपळूण

साइट चालू होईल, पण भोकं तशीच राहतील. ती फंक्शनं २०१३ मध्ये पीएचपी ५.५ ला 'वापरू नका' या यादीत गेली आणि २०१५ च्या डिसेंबरात ७.० ला काढून टाकली गेली. त्यांच्यात प्रिपेअर्ड स्टेटमेंटची सोयच नव्हती. त्याहून जुना कोड 'मॅजिक कोट्स' या, अवतरणाआधी आपोआप उलटी रेघ लावणाऱ्या सोयीच्या भरवशावर लिहिलेला असतो. ती २०१२ मध्ये ५.४ ला गेली. म्हणजे तुमची काही पानं तेव्हापासूनच उघडी असण्याची शक्यता आहे.

१४० पानं हा आकडा वाटतो तितका मोठा नाही. आधी सगळ्या फायलींत 'क्वेरी(' शोधा आणि प्रत्येक वाक्यात बाहेरून आलेलं व्हेरिएबल आहे का ते बघा. ज्यात एकही व्हेरिएबल नाही, उदाहरणार्थ सगळी गावं यादीत दाखवणारं वाक्य, त्याला प्रिपेअर करायची गरज नाही. फंक्शनचं नाव बदललं की झालं. उरलेल्यांत क्रम असा लावा: लॉगिन आणि ॲडमिन, मग पत्त्यातून आयडी घेणारी पानं, मग शोध, मग फॉर्म. पीएचपी ८.२ असेल तर मायएसक्यूएलआयमध्ये (पीडीओसारखंच पीएचपीचं दुसरं साधन) 'एक्झिक्यूट_क्वेरी' आहे. प्रिपेअर, बाइंड (किंमत जागेला बांधणं) आणि एक्झिक्यूट ही तिन्ही कामं एका ओळीत होतात. जुन्या धाटणीच्या कोडमध्ये ते सर्वांत कमी खटपटीचं.

या कामात एक चूक हमखास होते. प्रिपेअर घातल्यावर जुने 'ॲडस्लॅशेस' आणि 'रिअल_एस्केप_स्ट्रिंग' (अवतरणाआधी उलटी रेघ लावणारी, म्हणजे एस्केप करणारी फंक्शनं) तसेच राहून जातात. मग किमतीला दुहेरी राखण होते आणि डेटाबेसमध्ये डि\'सोझा असं उलट्या रेघेसकट नाव साठतं. एस्केप करणारी प्रत्येक ओळ त्याच वेळी काढा. आधीच साठलेली उलटी रेघ एका अपडेटने साफ करता येते, पण त्याआधी बॅकअप घ्या.

प्रश्न : न्याहारी-निवास शोधायची साइट आहे. प्रिपेअर वापरायला लागल्यापासून नावाने शोध लागत नाही, आणि 'पुढील १० दाखवा' वर १०६४ येतो. आधी दोन्ही चालत होतं!
— मालवण

आधी चालत होतं कारण सगळं एकत्र चिकटवलेलं होतं. तुमच्या शोधाचं वाक्य लाइक '%?%' असं असणार. अवतरणाच्या आतलं प्रश्नचिन्ह रिकामी जागा नसते, हे वर आलंच. वाक्यात नुसतं लाइक ? ठेवा आणि टक्क्याची चिन्हं किमतीला लावा:

$तयार->एक्झिक्यूट(['%' . $शब्द . '%']);

त्यातही एक पुस्ती. कोणी शोधात नुसतं % टाकलं तर सगळीच घरं येतील, आणि अधोरेघ टाकली तर ती 'कुठलंही एक अक्षर' धरली जाईल. हे इंजेक्शन नव्हे, लाइकचा अर्थच तसा आहे. नको असेल तर किमतीतल्या या दोन चिन्हांच्या आणि आधीपासून असलेल्या उलट्या रेघेच्या आधी उलटी रेघ लावून मग पाठवा.

लिमिटचं (किती ओळी आणायच्या ते सांगणाऱ्या शब्दाचं) दुखणं वेगळं. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मुळात एम्युलेशन चालू ठेवून येतो, म्हणजे सर्व्हरकडे वाक्य आणि किंमत वेगळी जातच नाहीत. पीडीओ स्वतःच किमतीला अवतरण लावून वाक्यात बसवतो आणि एकसंध वाक्य पाठवतो. एक्झिक्यूटला दिलेल्या यादीतली प्रत्येक किंमत तो मजकूर समजतो, म्हणून सर्व्हरला लिमिट '१०' असं अवतरणासकट मिळतं आणि तो नाकारतो. किंमत आधी पूर्णांकात बदला आणि 'बाइंडव्हॅल्यू' वापरून तिचा प्रकार पूर्णांक आहे असं सांगून बांधा.

एम्युलेशन बंद करायला सांगण्याचं एक कारण हे. दुसरं असं की राखण पीडीओच्या भरवशावर राहिली आणि कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट चुकीचा सांगितला असेल, तर काही आशियाई कॅरॅक्टर सेटांत ही राखण फसवता येते. बंद केल्यावर एक खोड मात्र सांभाळा: ':गाव' असं नाव दिलेली जागा एका वाक्यात दोनदा वापरता येत नाही. ':गाव१' आणि ':गाव२' करून तीच किंमत दोनदा द्या.

प्रश्न : प्रोजेक्टमध्ये 'भावाप्रमाणे लावा / नावाप्रमाणे लावा' असा पर्याय आहे. ऑर्डर बाय ? लिहून स्तंभाचं नाव बांधलं. एरर नाही, पण क्रमही लागत नाही. सर म्हणतात 'प्रिपेअर सगळ्याला चालत नाही'. मग कशाला चालतं?
— कॉलेज विद्यार्थी, दापोली

सर बरोबर सांगतात. प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त किंमत बसते. टेबलाचं नाव, स्तंभाचं नाव, चढता-उतरता क्रम हे वाक्याच्या रचनेचे भाग आहेत, आणि रचना तर किंमत येण्याआधीच ठरलेली असते. तुम्ही बांधलेला 'भाव' हा सर्व्हरला दोन अक्षरांचा एक मजकूर वाटतो. प्रत्येक ओळीला तोच मजकूर, म्हणून 'सगळे सारखे' असं समजून तो जसं आहे तसं परत देतो. टेबलाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवाल तर निदान एरर तरी येईल. ऑर्डर बाय गप्प बसतं, म्हणून ते जास्त फसवं.

इथे यादी ठेवायची. बाहेरून आलेला शब्द वाक्यात कधीच न जाऊ देता, त्यावरून आपलाच शब्द उचलायचा:

$यादी = ['भाव' => 'दर', 'नाव' => 'घर_नाव', 'नवे' => 'नोंद_तारीख डीईएससी'];
$क्रम = $यादी[$निवड] ?? 'घर_नाव';

आता $क्रम वाक्यात थेट चिकटवला तरी चालतो, कारण त्यात येऊ शकणारे तिन्ही शब्द तुम्ही स्वतः लिहिले आहेत. पत्त्यात कोणी काहीही भरो, यादीत नसेल तर नावाचा क्रम लागेल.

याच जातीचा दुसरा अडथळा म्हणजे इन (?). दापोली, हर्णै आणि मुरुड अशी तीन गावं एका प्रश्नचिन्हात दिलीत तर सर्व्हर 'दापोली,हर्णै,मुरुड' नावाचं एक गाव शोधतो. जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं लागतात. गावांची संख्या मोजून ती स्वल्पविरामाने जोडून घ्या. आणि गिऱ्हाइकाने एकही गाव निवडलं नाही तर इन () हे रिकामं राहून १०६४ येतो. ते आधीच तपासा.

प्रश्न : काजूच्या ८,४०० ओळींची सीएसव्ही फाइल पीएचपीतून भरतो. प्रिपेअर वापरतो, तरी चहा पिऊन आलं तरी संपत नाही. 'प्रिपेअर वेगवान असतं' ना?
— काजू प्रक्रिया व्यावसायिक, वेंगुर्ला

एकदा तयार करून अनेकदा वापरलं तर वेगवान. एकदाच वापरायच्या वाक्याला उलट एक फेरी जास्त पडते: आधी वाक्य पाठवा, मग किंमत. तुमच्या कोडमध्ये प्रिपेअर लूपच्या आत असेल, तर ८,४०० वेळा तेच वाक्य सर्व्हर नव्याने वाचतो आहे. ती ओळ लूपच्या वर उचलून ठेवा, आत फक्त एक्झिक्यूट राहू द्या.

पण खरा वेळ बहुधा दुसरीकडेच जातोय. तुम्ही ट्रान्झॅक्शन (अनेक नोंदी एकदम पक्क्या करायची सोय) उघडलं नसेल, तर प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पक्की होते, आणि इनोडीबी ही मायएसक्यूएलची साठवणीची यंत्रणा मुळात अशी मांडलेली आहे की प्रत्येक पक्क्या नोंदीला लॉग डिस्कवर उतरवल्याशिवाय पुढे जात नाही. ८,४०० ओळी, ८,४०० वेळा डिस्क. लूपच्या आधी 'बिगिनट्रान्झॅक्शन' आणि नंतर 'कमिट' घाला. जुन्या डिस्कवर फरक मिनिटांवरून सेकंदांवर येतो. मध्येच एखादी ओळ फसली तर 'रोलबॅक' होऊन फाइल पुन्हा पहिल्यापासून भरता येते, अर्धी भरलेली यादी हातात राहत नाही.

याहून घाई असेल तर एका इन्सर्टमध्ये अनेक ओळी घाला. मायएसक्यूएल एका वाक्यात ६५,५३५ पेक्षा जास्त प्रश्नचिन्हं घेत नाही. तुमचे सहा स्तंभ धरले तर ५०० ओळींचा गठ्ठा म्हणजे ३,००० प्रश्नचिन्हं, आरामात बसतात.

आणि फाइलच बघा. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या सीएसव्हीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात, त्यामुळे पहिल्या स्तंभाचं शीर्षक 'ग्रेड' असूनही 'ग्रेड' शी जुळत नाही. रकमेत १,२५,००० असे स्वल्पविराम असतील तर आकड्याच्या स्तंभात स्ट्रिक्ट मोडवर (न बसणारी किंमत नाकारणारी मायएसक्यूएलची सेटिंग) एरर येतो, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर निमूटपणे १ साठतो. सव्वा लाखाचा माल एक रुपयाला! डब्ल्यू ३२० सारखा ग्रेड हा आकडा नव्हे, मजकूर. तो तसाच बांधा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट किंमत सुखरूप पोचवतं, पण ती बरोबर आहे की नाही हे बघत नाही.

प्रश्न : ऑर्डरच्या यादीत सगळ्यांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ दिसतोय. हा नंबर कोणाचा? हॅक झालं का?
— रत्नागिरी

कोणाचाच नाही, आणि हॅकही झालं नाही. मायएसक्यूएलच्या इंट स्तंभात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे दहा आकड्यांतला कुठलाही नंबर तिच्यापेक्षा मोठाच. स्ट्रिक्ट मोड असता तर 'मर्यादेबाहेर' असा एरर आला असता, मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू असतो. तुमच्याकडे बंद आहे, म्हणून सर्व्हर मावेल तेवढं ठेवून गप्प बसला. हरवलेले नंबर डेटाबेसमधून परत येणार नाहीत. ऑर्डरचे ईमेल गेले असतील तर त्यांत बघा, नाहीतर पेमेंट गेटवेच्या नोंदींत.

स्तंभ व्हारचार(१५) करा आणि मायएसक्यूएलआयच्या 'बाइंड_पॅरॅम' मध्ये त्याचा प्रकार 'आय' (पूर्णांक) ऐवजी 'एस' (मजकूर) द्या. नंबर म्हणजे बेरीज-वजाबाकी करायची संख्या नव्हे. 'आय' ठेवलात तर '+९१ ९८…' मधलं फक्त ९१ उरतं, आणि ०२३५२ ने सुरू होणारा घरचा फोन शून्य गमावून २३५२ होतो.

मराठी कीबोर्डची एक गंमत इथेच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाने पेट्यांच्या चौकटीत मराठी आकड्यात १२ लिहिलं, तर पीएचपी त्याचा पूर्णांक शून्य काढतं. पायथन मात्र मराठी बारा ओळखून बाराच म्हणतं. पीएचपीत किंमत बांधण्याआधी 'एसटीआरटीआर' ने दहाही मराठी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या आणि मग तपासा.

प्रश्न : पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये होड्यांची नोंद ठेवतो. व्हेअर बंदर = ? ला 'मालवण' दिलं तर एरर म्हणतो 'वाक्यात १ जागा आहे, ५ दिल्या'. 'वेंगुर्ला' दिलं तर ९ दिल्या म्हणतो. मी तर एकच दिलं. आणि मालवण चार अक्षरी, पाच कुठून आले?
— तारकर्ली

तुम्ही (बंदर) असं लिहिलं असणार. पायथनला हा नुसता कंस वाटतो, यादी नव्हे. मग तो मजकुराकडेच यादी म्हणून बघतो आणि त्यातलं प्रत्येक चिन्ह एकेक किंमत धरतो. (बंदर,) असा स्वल्पविराम घाला किंवा [बंदर] लिहा, लगेच चालेल.

पाचाचा हिशेब असा: म, काना, ल, व, ण. काना पायथनला वेगळं चिन्ह वाटतो. वेंगुर्ल्यात व, मात्रा, अनुस्वार, ग, उकार, र, हलंत, ल, काना मिळून नऊ. आपण तोंडाने तीन अक्षरं म्हणतो, तो नऊ मोजतो. नावाची लांबी तपासणारा फॉर्म लिहाल तेव्हा हे लक्षात असू द्या, नाहीतर 'कमाल १० अक्षरं' म्हणत तो भल्याभल्या आडनावांना अडवेल.

आणि एफ-स्ट्रिंगने (मजकुरात व्हेरिएबल थेट बसवणारी पायथनची सोय) वाक्य बनवून मग ते एक्झिक्यूटला देत असाल, तर ते प्रिपेअर नव्हेच. चिकटवाचिकटवीचं नवं नाव आहे.

प्रश्न : सगळीकडे प्रिपेअर आहे, तरी अभिप्रायाच्या पानावर कुणीतरी टाकलेली जाहिरात उघडते. हे कसं?
— गुहागर

प्रिपेअर डेटाबेसच्या दारावर उभं असतं, ही माणसं ब्राउझरच्या दाराने आली. अभिप्रायात स्क्रिप्टचा टॅग लिहिला, तो सुखरूप साठला, आणि तुमच्या पानाने तो जसाच्या तसा दाखवला. दाखवताना 'एचटीएमएलस्पेशलचार्स' मधून काढा. साठवताना नको, नाहीतर तोच मजकूर पावतीवर आणि एसएमएसमध्ये विचित्र चिन्हांसकट जाईल.

तसंच, डेटाबेसमधून आलेली किंमत आपली म्हणून विश्वासाने दुसऱ्या वाक्यात चिकटवू नका. पहिल्या इन्सर्टमध्ये डि'सोझा नीट बसले, पण रात्री अहवाल काढणाऱ्या स्क्रिप्टने तेच नाव वाचून चिकटवलं तर फट पुन्हा उघडते. आणि साइटचा डेटाबेस युजर 'रूट' असेल तर आजच बदला. त्याला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि लागेल तिथे डिलीट एवढेच हक्क द्या. टेबल पाडायचा हक्क वेबसाइटला कशाला?

प्रश्न : मासळी लिलावाच्या नोंदी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर जातात. पावसात लाइट गेली की प्रोग्राम 'सर्व्हर निघून गेला' म्हणतो. पुन्हा चालवलं की काही नोंदी दोनदा पडतात.
— हर्णै

तयार केलेलं वाक्य सर्व्हरवर त्या कनेक्शनपुरतंच जगतं. कनेक्शन तुटलं की तेही गेलं, म्हणून नुसतं पुन्हा जोडून जुनं एक्झिक्यूट चालत नाही. जोडा, पुन्हा प्रिपेअर करा, मग पाठवा. लाइट न जाताही हा एरर येऊ शकतो. आठ तास, म्हणजे २८,८०० सेकंद गप्प राहिलेलं कनेक्शन मायएसक्यूएल स्वतःच बंद करतो. संध्याकाळच्या लिलावानंतर रात्रभर प्रोग्राम तसाच उघडा राहत असेल तर पहाटे हेच होणार.

दुहेरी नोंदीचं कारण असं: नोंद पक्की झाली, पण 'झाली' हा निरोप तुमच्यापर्यंत पोचायच्या आत लाइन गेली. प्रोग्रामला वाटलं फसली, त्याने पुन्हा पाठवली. प्रत्येक लिलावाला ऑफिसातच एक क्रमांक द्या, जसं तारीख, होडीचा नोंदणी क्रमांक आणि त्या दिवसातला अनुक्रम एकत्र. त्या स्तंभावर युनिक की (एकच किंमत दोनदा न घेणारी अट) लावा. दुसऱ्यांदा आलेली नोंद १०६२ क्रमांकाच्या एररने परत येईल. तो एरर पकडून 'आधीच पोचली' असं समजा आणि पुढची घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा बदल करून जुन्या दुहेरी नोंदी निवडून काढायला दोन महिने निवांत मिळतात. युनिक की लावण्याआधी त्या काढाव्याच लागतील, नाहीतर मायएसक्यूएल की लावूच देणार नाही.